समूहगान : अलंकार की आवश्यकता?

घरात पैशाची ओढाताण सुरू झाली म्हणजे कात्री प्रथम कशाला लागते, यावरून त्या घराची पारख होते. कोणी सणासुदीचे गोडधोड कमी करतो, कोणी नवे कापडचोपड, तर कोणी पाहुणचार. एखादे घर मात्र असेही असते की, जे बाकी सर्व सोडील, परंतु देवापुढचा दिवा आणि मुलांच्या वह्यापुस्तकांना हात लावू देणार नाही. आपण कशाला श्रेष्ठ मानतो, हे आपल्या तोंडच्या बोलण्यावरून कळत नाही. टंचाईच्या दिवसांत आपण काय शेवटपर्यंत राखून ठेवतो, त्यावरून ते कळते. हाच न्याय शाळांना आणि शाळा चालविणाऱ्या शासनालाही लावला पाहिजे. तो लावून पाहिला असता असे दिसते की, खर्चात काटछाट करण्याची वेळ आली म्हणजे ज्या तासांवर पहिला घाव पडतो, त्यांत गाण्याचा तास हटकून असतो.

ही काटछाट योग्य की अयोग्य, हा केवळ जमाखर्चाचा प्रश्न नव्हे. त्याच्या मुळाशी नीतीचा एक प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो आपल्या मंदिराच्या सभासद-कुटुंबांपुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करू. समूहगान म्हणजे स्नेहसंमेलनात रंगीत पोशाख घालून चार गुणी मुलांनी म्हटलेले गाणे, असा अर्थ येथे अभिप्रेत नाही. आठवड्यातून एक-दोन तास, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, पेटीच्या साथीने, संपूर्ण वर्गाने एका पट्टीत व एका लयीत गावयास शिकणे, याला मी समूहगान म्हणतो. त्यात गोड गळ्याचा मुलगा असतो तसा बेसूर मुलगाही असतो. किंबहुना बेसूर मुलगा त्यात आहे, हेच त्याचे वैशिष्ट्य होय.

आता वस्तुस्थिती पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी असे म्हटले आहे की, जेथे शंभराहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा. पहिली ते पाचवीसाठी एवढीही तरतूद नाही. म्हणजे ज्या वयात कान आणि गळा सर्वांत कोवळे असतात, त्या वयासाठी कायद्याने कलेचा वेगळा शिक्षक मागितलेलाच नाही. आणि पुढच्या वयासाठी मागितला तोही अर्धवेळ. शिवाय 'कला' या एका शब्दात चित्र, नृत्य, नाट्य व संगीत अशी चार भावंडे एकाच पाटावर बसविलेली आहेत. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने अशा निदेशकांसाठी 'अतिथी निदेशक' योजना काढली आणि त्यांचे मानधन तासिकेला ५० रुपये ठरविले. ज्याने दहा-बारा वर्षे सुरांची उपासना केली, त्याच्या एका तासाचे हे मोल. पुढे १९ फेब्रुवारी २०२३ पासून त्याच राज्यात 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत म्हणून लागू झाले आणि शाळांतून ते नित्य म्हणावे असे ठरले. गीत म्हणा, असा आदेश आहे; ते सुरात म्हणावयास शिकविणारा मात्र पाहुणा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय असा भेद मानू नये, असे सांगितले आहे. शब्दांची उणीव कोठेच नाही. उणीव पडते ती माणूस नेमण्याच्या वेळी.

आपल्या शास्त्रांची रीत अशी की, स्वतःचे मत मांडण्यापूर्वी विरुद्ध पक्ष जितका बळकट करता येईल तितका करून आधी मांडावा. त्या रीतीस अनुसरून पूर्वपक्ष प्रथम सांगतो.

पहिला आक्षेप असा की, ज्या शाळेत पाचवीच्या मुलास धड वाचता येत नाही, जेथे गणिताला शिक्षक नाही, पिण्याचे पाणी नाही, तेथे गाण्यावर पैसा खर्च करणे म्हणजे अंगावर वस्त्र नसताना अत्तर लावणे होय. दुसरा असा की, संगीत ही आवडीची बाब आहे. ज्याला आवड असेल त्याने शिकवणी लावावी. सर्वांच्या करातून एकाची हौस का पुरवावी? तिसरा असा की, आपल्याकडे भजन, कीर्तन, आरती, सप्ताह हे सर्व समूहगानच आहे. वारकऱ्यांच्या दिंडीला कोणत्या सरकारी अनुदानाची गरज पडली? मग शाळेनेच हे ओझे का वाहावे? आणि चौथा असा की, आता यंत्रे आली आहेत. ध्वनिवर्धकावर उत्तम गायकाच्या आवाजातील प्रार्थना लावली की काम भागते, खर्चही होत नाही आणि सूरही चुकत नाही.

हे चारही आक्षेप विचारी माणसांचे आहेत. त्यांना तुच्छ लेखून चालणार नाही. म्हणून एकेकाचा परामर्श घेऊ.

वाचन आणि गणित आधी, हे म्हणणे कोणीही मान्य करील. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांनी गणित कसे शिकले याचा थोडा विचार करावा. तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर घरोघर परवचा होत असे. पाढे, आणि पाढ्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. हे सर्व एका चालीत, एका ठेक्यावर, अनेकांनी मिळून म्हटले जाई. ती चाल काढून घेतली असती तर सवायकी किती जणांच्या ध्यानात राहिली असती? आमच्यासारख्या भटभिक्षुकांच्या घरांतही तीच पद्धत. संथा देताना गुरूने एकदा म्हणावयाचे आणि शिष्यांनी मिळून दोनदा म्हणावयाचे. हजारो वर्षे वेद ग्रंथावाचून टिकले ते या मिळून म्हणण्याच्या बळावर. यावरून असे दिसते की, आपल्या परंपरेत गाणे हे शिक्षणाच्या अंगावरचे अत्तर नव्हते. ते शिक्षण वाहून नेणारे भांडे होते. भांडे विकून पाणी साठविण्याचा बेत करणाऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाही.

परंतु एवढ्यावर थांबलो तर गाण्याची किंमत दुसऱ्या विषयाची दासी म्हणूनच राहील. समूहगानात जे शिकावयास मिळते ते दुसऱ्या कोणत्याही विषयात मिळत नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे. परीक्षेच्या दालनात प्रत्येक मूल एकटे बसते. शेजाऱ्याकडे पाहणे हा तेथे अपराध असतो. शर्यतीत एक पुढे जातो तेव्हा दुसरा मागे पडतो. खेळात संघ असतो हे खरे, परंतु त्यालाही हरविण्यासाठी दुसरा संघ लागतो. समूहगानात हरविण्यास कोणीच नसते. तेथे शेजाऱ्याकडे लक्ष दिल्यावाचून काम भागत नाही. ज्याचा आवाज मोठा आहे त्याने तो आवरावयाचा, ज्याचा बारीक आहे त्याने धीर करून तो बाहेर काढावयाचा, आणि शिक्षकाने पट्टी अशी धरावयाची की जी वर्गातील सर्वांना झेपेल. एकाचा श्वास संपला तर तो क्षणभर थांबतो. तेवढ्यात इतरांनी सूर धरून ठेवलेला असतो, आणि ओळ तुटत नाही. माणसाने समाजात कसे राहावे, हा उपदेश आपण मुलांना शेकडो वेळा करतो. तो उपदेश शरीराने प्रत्यक्ष करून पाहण्याची जागा शाळेत हीच एक आहे. ऋग्वेदाचे अखेरचे सूक्त एकत्र जमलेल्यांची मने व त्यांचे बोल एक व्हावेत एवढेच मागते. एवढ्या प्रचंड ग्रंथाचा शेवट याच मागणीने व्हावा, याचा अर्थ आपण लक्षात घेतला पाहिजे.

दुसरा आक्षेप हौसेचा. ज्याला आवड त्याने शिकवणी लावावी, हे बोलणे वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु त्याचा अर्थ काय होतो? शाळेतील गाण्याचा तास बंद झाला म्हणून शहरातील संगीत काही बंद होत नाही. ज्याच्या बापाजवळ शिकवणीची फी आहे त्याचे मूल गात राहते. ज्याच्याजवळ नाही, त्याच्या मुलाचे तोंड मिटते. म्हणजे शासनाचे जे पैसे वाचले, ते नाहीसे झाले नाहीत. ते गरिबाच्या मुलाकडून वसूल झाले. आपल्या सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून पोटासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. लूमवर बारा तासांची पाळी करून येणाऱ्या बापाने मुलीला पेटीच्या शिकवणीस घालावे, अशी अपेक्षा कोण करील? त्या मुलीला सुरांची ओळख होण्याचे दार एकच, आणि ते शाळेचे. ते बंद करणाऱ्याने 'आम्ही कोणाचे काही काढून घेतले नाही' असे म्हणू नये.

या संदर्भात पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे चरित्र आठवते. १८७२ साली कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहानपणी दारूकामाने डोळ्यांना इजा झाली आणि शाळेचा अभ्यास थांबला. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ त्यांनी विद्या संपादन केली. त्या काळी चांगले गाणे राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांत आणि उस्तादांच्या घराण्यांत बंदिस्त होते. संभावित घरची मुलेमुली गाणे शिकत नसत. बुवांनी मनात आणले असते तर एखाद्या संस्थानाच्या आश्रयाने सुखात राहता आले असते. ते न करता त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, आणि पुढे १९०८ साली मुंबईत. स्वरलिपी तयार केली, मुलांसाठी 'संगीत बालप्रकाश' यांसारखी क्रमिक पुस्तके छापली, रामधून व राष्ट्रगीते हजारोंच्या तोंडी बसविली. मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली. दारिद्र्य पत्करून ते नाशकास रामनामात रमले आणि १९३१ साली मिरजेस कालवश झाले. परंतु पाहावे काय, तर इमारत गेली आणि विद्या राहिली! कारण तोवर त्यांनी माणसे तयार केली होती. पंडित ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे सर्व त्यांचेच शिष्य. ज्या वर्षी गुरू गेले त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेस मंडळ स्थापून ते कार्य पुढे चालविले.

याच शिष्यमालिकेतील एक नाव आपल्या जिल्ह्याशी कायमचे जोडलेले आहे. पंडित नारायण मोरेश्वर खरे हे १९१८ साली महात्माजींच्या सत्याग्रहाश्रमात दाखल झाले. आश्रमातील लहानथोरांना, ज्यांत सुतार, विणकर, विद्वान, अडाणी सर्वच होते, त्यांनी एका सुरात प्रार्थना म्हणावयास शिकविले. 'आश्रम भजनावली'चे संकलन त्यांचेच. १९३० साली साबरमतीहून दांडीस निघालेल्या तुकडीत ते होते. ती तुकडी सुरतेवरूनच पुढे गेली. पुढे तापीकाठी हरिपुऱ्यास काँग्रेसचे अधिवेशन भरावयाचे होते. त्यासाठी ते तेथे आले असता, फेब्रुवारी १९३८ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. एका मराठी गायकाने सुरत जिल्ह्याच्या मातीत देह ठेवला, तो मैफल गाजविण्यासाठी आला असताना नव्हे, तर सामान्यांच्या तोंडी गाणे घालण्याच्या कामी असताना. आदल्याच वर्षी, १९३७ मध्ये, 'हरिजन' पत्रातून महात्माजींनी प्राथमिक शिक्षणात संगीत असावे या मताला मान्यता दिली होती आणि हाताला वळण लावण्याइतकेच आवाजाला वळण लावणेही अगत्याचे मानले होते. हे मत मांडणारा माणूस पैपैचा हिशेब ठेवणारा होता, हे विसरू नये. काटकसर कशाला म्हणावे आणि कंगालपणा कशाला म्हणावे, हे त्यास आपल्याहून चांगले कळत होते.

तिसरा आक्षेप परंपरेचा. दिंडीला अनुदान लागले नाही हे सत्य आहे. परंतु दिंडी आपोआप चालते असा समज असेल तर तो चुकीचा होय. विणेकरी, मृदंगवाला, चोपदार, समोरासमोर दोन रांगांत उभे राहणारे टाळकरी यांचा क्रम ठरलेला असतो. कोणत्या वेळी कोणते अभंग, कोणती चाल, हे फडाच्या परंपरेने शिकविले जाते. विष्णुबुवा जोग महाराजांना १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढावी लागली ती याच जाणिवेतून की, शिकविणारा नसेल तर भक्ती असूनही चाल हरपते. म्हणजे परंपरेचा दाखला शिक्षक नको असे सांगत नाही. तो शिक्षक हवाच असे सांगतो.

शिवाय देवळातले गाणे आणि शाळेतले गाणे यांत एक भेद आहे, आणि तो मंदिराच्या पत्रिकेत स्पष्टपणे लिहिण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. देवळात आपण आपल्या माणसांबरोबर गातो. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया व तेलुगू अशा सात माध्यमांतून चालतात. एवढ्या भाषांची मुले ज्या शहरात रोज दप्तर घेऊन निघतात, तेथे आपल्या आळीबाहेरच्या, आपल्या जातीबाहेरच्या, आपल्या धर्माबाहेरच्या मुलाशेजारी उभे राहून त्याच्या सुरात सूर मिळविण्याची जागा शाळेवाचून दुसरी कोणती? ज्याच्याबरोबर आपण लहानपणी एका दमात गायलो, त्याच्याविषयी मोठेपणी वाईट ऐकताना मन जरा थबकते. एवढे थबकणे समाजास पुष्कळ उपयोगी पडते. भजनाने ते काम होत नाही, कारण भजनास तो मुलगा आलेलाच नसतो.

चौथा आक्षेप यंत्राचा. याविषयी मला थोडे अधिकाराने बोलता येईल. अनेक देवळांत आता विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र बसविलेले असते. कळ दाबली की नगारा, झांज व घंटा एकदम वाजू लागतात. सोय मोठी आहे. दोन माणसांचे काम वाचते. परंतु पुजाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे आरतीच्या वेळी गाभाऱ्याच्या कडेला उभे राहून जमलेल्या मंडळींकडे पाहण्याचा योग मला नित्य येतो. यंत्र सुरू झाले की हळूहळू टाळ्या मंदावतात. ओठ हलतात, पण आवाज निघत नाही. कारण त्या गजरात स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत नाही, आणि जो आवाज ऐकूच येत नाही तो काढण्याचे श्रम कोण घेणार? एखाद्या दिवशी वीज जाते, यंत्र थांबते, आणि क्षणभर शांतता पसरते. मग कोणी एक म्हातारी थरथरत्या आवाजात पुढची ओळ धरते, पाठोपाठ सर्व गाऊ लागतात, आणि आरतीला खरा रंग चढतो. ध्वनिवर्धकावरील शाळेच्या प्रार्थनेचेही असेच होते. सूर चुकत नाही हे खरे. परंतु मूल चुकत नाही कारण मूल गातच नाही. चुकण्याची आणि सुधारण्याची संधी ज्यात नाही, त्याला श्रवण म्हणता येईल, शिक्षण म्हणता येणार नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटू लागतो तेव्हा तो लाजून गाणे सोडू पाहतो. त्याला थोडे खालच्या पट्टीत घेऊन सांभाळून न्यावे लागते. हे यंत्राला कसे कळणार?

परदेशांतही हा प्रश्न अनेकदा उपस्थित झाला आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरी लोवेल मेसन नावाच्या गृहस्थांना सरकारी शाळांत गायन शिकविले जावे असे वाटे. पैसा नाही असे उत्तर मिळाले, तेव्हा त्यांनी एका शाळेत एक वर्ष विनावेतन शिकवून दाखविले. मुलांची प्रगती पाहून १८३८ साली तेथील शाळा-समितीने गायन हा नियमित विषय म्हणून स्वीकारला. त्याच देशात कॅलिफोर्निया प्रांती १९७८ साली मालमत्तेवरील कर मतदानाने कमी करण्यात आला. शाळांचे उत्पन्न घटले आणि अनेक ठिकाणी संगीताचे तास गेले. ते परत आणण्यासाठी लोकांना २०२२ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी मतदारांनीच ठराव करून कला व संगीत यांसाठी दरवर्षी वेगळी रक्कम राखून ठेवली, आणि मोठ्या शाळा-विभागांनी तीतील किमान ८० टक्के भाग माणसे नेमण्यावरच खर्च करावा असे बंधन घातले. म्हणजे जे एका मतदानाने गेले ते परत यावयास ४४ वर्षे लागली. मधल्या काळात जी मुले शाळेत येऊन गेली त्यांचे बालपण कोणत्याही ठरावाने परत येणार नाही. उलट हंगेरीत, महायुद्धाने देश उद्ध्वस्त झाल्यावर अवघ्या पाच वर्षांनी, १९५० साली, संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या विचारानुसार केच्केमेट या गावी रोज गायन शिकविणारी प्राथमिक शाळा निघाली. त्या देशाजवळ तेव्हा पैसा फार होता म्हणून नव्हे.

यावरून काटकसरीचा एक नियम काढता येईल, असे मला वाटते. पैसा खरोखरच अपुरा पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अशा वेळी फांदी छाटावी, मूळ छाटू नये. समूहगानात फांद्या कोणत्या? रंगीत पोशाख, मंच, दिवे, चषक, स्पर्धेचा प्रवास. हे सर्व एक-दोन वर्षे बंद राहिले तरी बिघडत नाही. २०१५ पासून केंद्र शासनाचा 'कला उत्सव' भरतो, तो चांगलाच आहे. परंतु उत्सवाला निवडक जातात आणि तासाला सर्व बसतात. मूळ आहे तो आठवड्याचा तास आणि तो घेणारा शिक्षक. पेटी विकली तर पुन्हा विकत मिळते. शिक्षकाची जागा रद्द झाली म्हणजे जो गाऊ-शिकवू शकतो तो दुसऱ्या धंद्यास लागतो, त्याच्यामागून कोणी त्या वाटेस जात नाही, आणि एका पिढीने जागा पुन्हा निघाली तरी तिच्यावर बसावयास माणूस सापडत नाही. विष्णु दिगंबरांची इमारत गेली तरी विद्या वाचली. इमारत ठेवून माणसे घालविली असती तर काय वाचले असते?

दुसरी एक गोष्ट मनाला अधिक टोचते. कात्री नेहमी तेथेच लागते, जेथून आरडाओरड होत नाही. कंत्राटदाराचे देणे थांबले तर तो दारात येऊन बसतो. गाण्याचा तास गेल्याबद्दल आठ वर्षांचे मूल कोणाकडे तक्रार करणार? आपण काय गमावले हेही त्याला ठाऊक नसते. ज्याला आपली हानी सांगता येत नाही त्याची हानी करणे, आणि ती करताना आपण फार विचारपूर्वक वागलो असे मानणे, हा अधर्म आहे. भर्तृहरीने संगीत, साहित्य व कला यांवाचून राहिलेल्या माणसाची गणना पशूंत केली. आजच्या काळी त्या वचनाचा रोख त्या मुलाकडे नसून, त्याला तसे ठेवणाऱ्यांकडे वळविला पाहिजे.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट अगदी सोपी. उपरोक्त कायद्याप्रमाणे शासकीय व अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती नेमावी लागते. तीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शासकीय शाळांत विकास आराखडा करण्याचा अधिकार या समितीस आहे; अनुदानित शाळांत तिचे काम सल्ला देण्याचे असते. आपल्या कुटुंबांतील जे कोणी अशा समितीवर असतील त्यांनी, आणि जे नसतील त्यांनी पालक म्हणून, तीन प्रश्न विचारावेत : या शाळेत गाण्याचा तास वेळापत्रकात आहे काय? असल्यास तो प्रत्यक्ष होतो की त्यात दुसरा विषय उरकला जातो? आणि तो घेणाऱ्याचे नेमणुकीचे व मानधनाचे स्वरूप काय? नंतर आराखड्यात त्याविषयी एक वाक्य लिहवून घ्यावे. कागदावर आलेली मागणी तोंडी तक्रारीहून टिकाऊ असते.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. आपल्या मंदिरात पेटी आहे, टाळ आहेत, भजनी मंडळात उत्तम गळ्याची माणसे आहेत. त्यांनी जवळच्या शाळेत जाऊन आठवड्यास एक तास विनामूल्य द्यावा, असे कोणासही सुचेल, आणि ते स्तुत्यच आहे. परंतु त्यात एक धोका आहे. फुकट माणूस मिळतो असे दिसले की नेमावयाची जागाही रद्द होते, आणि आपली सेवा कात्रीला धार लावण्याच्या कामी येते. म्हणून बोस्टनच्या त्या गृहस्थांचा कित्ता गिरवावा. सेवा अवश्य द्यावी, परंतु मुदत घालून : एक वर्ष आम्ही शिकवून दाखवितो, पुढील वर्षी हे काम तुम्ही नियमित करा. दानाने कर्तव्याला जागे करावे; दानामुळे कर्तव्य झोपी जाऊ देऊ नये. आणि शाळेत जाताना आपल्याच देवाची भजने घेऊन जाऊ नये. ज्या गीतात वर्गातील प्रत्येक मूल निःसंकोच तोंड उघडील, तेच गीत निवडावे.

विषय मोठा आहे आणि लिहिणाऱ्याचे शिक्षण शाळेपुरतेच झालेले आहे. तथापि एवढे निश्चयाने म्हणता येते की, ज्या गावात मुले मिळून गातात त्या गावाचे दारिद्र्य एक ना एक दिवस हटेल. जेथे ती मुकी केली गेली, तेथे वाचलेल्या पैशांतून ती उणीव भरून काढण्याचा उपाय नाही. पुढील पालकसभेची तारीख आपल्या घरी कळली असेलच. त्या सभेत वरील तीन प्रश्नांपैकी निदान एक तरी आपल्या तोंडून निघावा, एवढीच नम्र विनंती. इत्यलम्.